राजापूर बंदर, चैत्रातली द्वादशी

राजापूरचा दिवस कधी उजाडणार हे सूर्याला विचारून उपयोग नसे, तिथीला विचारावं लागे. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला पाठ असलेला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. बारा पाऊण नऊ. म्हणजे द्वादशीला सकाळी नऊच्या आगेमागे खाडी तुडुंब, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास पुन्हा. मधल्या वेळात कोण किती मोठा सावकार आहे, कुणाच्या खिशात कुणाचं फर्मान आहे, याला किंमत नाही. पाणी नाही तर माल नाही.

पुढे सांगतो तो दिवस कुणाच्या रोजनिशीत लिहिलेला नाही. इंग्रज कंपनीच्या पत्रव्यवहारातून समोर येणारं बंदर आणि साडेतीनशे वर्षांत न बदललेलं भरती-ओहोटीचं गणित यांवरून तो जुळवला आहे. साल मात्र नक्की आहे, १६६०. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखान प्रतापगडाखाली मारला गेला आणि पंधरवडा-तीन आठवड्यांत पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. मार्चपासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहर पन्हाळ्याला वेढा घालून बसला. आपण कोल्हापूरची माणसं ही गोष्ट गडावरून सांगतो: तीन दरवाजा, पुसाटी बुरूज, राजदिंडी, पालखी. हीच गोष्ट खालून, बंदरातून सांगितली की तिचा हिशेब वेगळा लागतो.

पहाटे तीन

जैतापूर. खाडीचं तोंड. चंद्र मावळतीला टेकलेला. मोठी गलबतं इथेच नांगर टाकून असतात, कारण राजापूर इथून वीस-पंचवीस किलोमीटर आत, अर्जुना नदीच्या काठी. तिथवर पोचायचं तर माल मचव्यांत आणि पडावांत उतरवायचा आणि भरतीच्या पाण्यावर स्वार व्हायचं. ओहोटी संपून पाणी जागच्या जागी थबकतं, मग अगदी किंचित आत सरकायला लागतं. तांडेलाला ते डोळ्यांनी दिसत नसलं तरी नांगराच्या दोरावरून कळतं. खलाशांनी पेज पिऊन घेतलेली. होड्या सुटतात.

चैत्र-वैशाखात घाई असते. पावसाळा लागला की दर्या बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर झोपलेलं. जो काही धंदा करायचा तो आता.

सकाळी सहा

खाडी अरुंद होत जाते. दोन्ही काठांना खारफुटी, मग डोंगर. नाळेवर उभा असलेला पोरगा बांबू खुपसून पाणी मोजतो आणि ओरडून सांगतो. ह्या खाडीला गाळाची खोड आहे. घाटावरून येणारी अर्जुना दर पावसाळ्यात डोंगर खरवडून आणते आणि इथे पसरते. पुढे एकोणिसाव्या शतकात हा गाळ इतका साचला की मोठ्या जहाजांना राजापूरच्या जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैल अलीकडेच थांबावं लागे, आणि तरीही रत्नागिरी जिल्ह्यात अरबी जहाजं थेट येत ती याच एका बंदरात. सवय लवकर सुटत नाही, अगदी व्यापाराचीसुद्धा.

सकाळी नऊ

धक्का. आता तासा-दीड तासात सगळं उरकायचं, कारण पाणी उतरायला लागलं की रिकाम्या झालेल्या होड्या त्याच पाण्यावरून परत जायच्या आहेत.

हमालांची रांग फळीवरून वर. मलबारकडची मिरी, खजूर, तांबं, शिसं, हिंगूळ, विलायती बनात. मिऱ्याची गोणी फुटली तर धक्क्यावरची पोरं दाणे वेचायला धावतात आणि जकातीचा शिपाई त्यांच्यामागे धावतो. काट्याजवळ मापारी खंडी, मण, शेर मोठ्याने म्हणत जातो, तो आकडा कारकून मोडीत उतरवतो. बंदर आदिलशाहीचं, पण बंदराचा हिशेब मराठीत. विजापूर दरबाराची फारसी घाटावर राहिली. खाली काट्याजवळ तिचं काही काम नव्हतं.

ह्या मुलखाचा कारभार रुस्तुमजमानकडे. हा सरदार स्वतःही व्यापारात मुरलेला, राजापूर आणि कारवार दोन्ही त्याच्या पंखाखाली. डिसेंबर १६५९ मध्ये कोल्हापूरजवळ महाराजांनी त्याचा आणि अफझलखानाचा मुलगा फाजलखान याचा पराभव केला, आणि त्यानंतर रुस्तुमजमान आतून महाराजांना सामील आहे अशी कुजबुज इंग्रजांच्या पत्रांतही आली. मला ती कुजबुज खरी वाटते. ज्याचा अर्धा पैसा जहाजांत अडकला आहे तो माणूस घाटमाथ्यावरच्या कुठल्याच सत्तेशी कायमचं वैर धरत नाही.

अकरा

बाजारपेठ. गल्ल्या चढणीच्या, अरुंद, फरसबंदी. ऊन डोक्यावर येत चाललेलं, पण इथे सावली आहे.

सराफाच्या गादीवर जरा थांबलं पाहिजे. बंदरात एकच नाणं चालत नसे. कर्नाटकातून सोन्याचे होन येत, सुरतेकडून रुपये, आणि आखाती व्यापारातून आलेली चांदीची लारी. लारी गोल नव्हे. चांदीची जाडसर तार, मधून दुमडून चिमट्यासारखी केलेली, वर ठशाची खूण. इराणातल्या लार गावावरून नाव पडलं, पण कोकणच्या बंदरांत ती इतकी रुळली की दुसऱ्या अली आदिलशहाने आपल्याच नावाच्या लाऱ्या पाडल्या.

सराफ एक लारी उचलतो. आधी वजन हातानेच बघतो. मग तार कुठे जाड-बारीक झाली आहे का हे अंगठ्याने चाचपत टोकापर्यंत जातो. शंका आली तर छिन्नीने एक बारीक खाच पाडतो: आत तांबं असेल तर खाचेत दिसतं. जुन्या लाऱ्यांवर अशा खाचा आढळतात, प्रत्येक खाच म्हणजे कुठल्या तरी गादीवर एका सराफाला आलेला संशय. मग कसोटी, मग बट्टा. बट्टा किती लावायचा यावर नाखवा आवाज चढवतो; सराफ चढवत नाही. नाखव्याला ओहोटी गाठायची आहे आणि हे सराफाला ठाऊक आहे.

दोन गाळे पलीकडे दोघे जण हातावर उपरणं टाकून गप्प बसलेले. सौदा चालू आहे. कापडाखाली एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची; किती बोटं, कुठली पेरं, त्यावर भाव. भोवती दहा माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. तोंडाने ते उन्हाबद्दल बोलत असतात.

दुपारी बारा

इंग्रजांची वखार. दगडी, भक्कम, खाडीकडे उतरणारं आवार. १६४९ च्या सुमारास कंपनीने राजापुरात बस्तान बसवलं. मिरी, वेलदोडे आणि घाटावरचं सुती कापड हे त्यांना हवं होतं. वखार सुरतेच्या हाताखालची, शिस्तही तिथलीच: सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, सगळ्यांचं एका टेबलावर जेवण, रात्री दरवाजे बंद. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या शतकात कंपनीच्या खालच्या लेखनिकाला वर्षाचा पगार दहा पौंडांच्या आसपास, आणि तेवढ्यासाठी कुणी अर्धं जग ओलांडून येत नाही. खरी कमाई खासगी व्यापाराची. किनाऱ्यावर व्यवहाराची भाषा पोर्तुगीज, आणि जिथे तीही पुरत नसे तिथे दलाल. दलालाशिवाय ह्या साहेबांना घाटावरचं कापड काय भावाने पडतं हेही कळलं नसतं.

वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन. ह्या वर्षी त्याचं डोकं ठिकाणावर नाही. जानेवारीत महाराजांची माणसं घाट उतरून राजापुरावर आली. अफझलखानाची गलबतं बंदरात होती, ती कुणाची यावर वाद पेटला, आणि त्या गोंधळात कंपनीचा दलाल आणि फिलिप गिफर्ड नावाचा इंग्रज जैतापुरात पकडला गेला. गिफर्ड पुढे सुटला. फेब्रुवारीत रेव्हिंग्टनने महाराजांना पत्र लिहिलं. त्यात त्यांना हिंदू फौजांचे सेनापती असं संबोधलं आणि दंडा-राजपुरीच्या मोहिमेत मदत करण्याची तयारी दाखवली. शाई वाळायला फार दिवस लागले नाहीत. मार्चमध्ये वेढा पडला, आणि त्याच रेव्हिंग्टनला त्यात दुसरं गिऱ्हाईक दिसलं.

वखारीत उखळी तोफ होती, आणि तिचे कुलपी गोळे. साधा गोळा भिंतीला भोक पाडतो. कुलपी गोळा आत दारू भरलेला, वातीचा; तो उंच कमानीत तटावरून आत जाऊन पडतो आणि फुटतो. पन्हाळ्यासारख्या गडाला ह्याच मालाची भीती. पन्हाळ्याला चढणीची, तटाची आणि धान्याची काळजी नव्हती. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती ह्या तीन कोठारांत मिळून पंचवीस हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. उपासमारीने हा गड पडणार नव्हता, निदान लवकर नव्हे. म्हणून सिद्दीला उखळी हवी होती.

व्यापाऱ्याच्या चष्म्यातून पाहिलं तर रेव्हिंग्टनचं गणित चूक नव्हतं. विजापूर दरबार मोठा, त्याची मेहेरबानी म्हणजे मिऱ्याच्या खरेदीत सवलत, जकातीत सूट. एक बंडखोर जहागीरदार विरुद्ध एक पातशाही: कुठलाही मुनीम पातशाहीच्या नावाने वही उघडेल. तो चुकला ते पुढे. गोळे विकून गप्प बसता आलं असतं. पण माल चालवून दाखवायला तो माणसांसह स्वतः पन्हाळ्याखाली गेला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्याने गडावर गोळे टाकले. तोफ कुणीही कुणाला विकावी, तो बाजार होता. निशाण लावल्यावर तो बाजार राहिला नाही.

दुपारी तीन

ओहोटी. खाडीचा चिखल उघडा पडलेला, होड्या कलत्या. बाजार झोपलेला. जवळ उन्हाळे गावचं गरम पाण्याचं कुंड आणि वर राजापूरची गंगा, जी आपल्या मनाने प्रकटते आणि आपल्या मनाने जाते. ती आली असली तर यात्रेकरूंची गर्दी, आणि दुपारीसुद्धा फुटाणेवाल्याची विक्री.

संध्याकाळी पाच

गावाबाहेर पटांगणात बैलांचा तांडा भरतोय. आज अनुस्कुऱ्याला निघणार.

कोकण आणि देश यांचा जो काही व्यवहार होता तो पाठाळांच्या पाठीवर. गाडीवाट नाही. बैलाच्या पाठीवर आधी गादी, तिच्यावर दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी. भरताना दोघे लागतात: एक उजवीकडे भरतो, एक डावीकडे, आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसेल तर घाटात बैलाची पाठ सोलते. म्हणून भरणारा पुन्हा पुन्हा मागे सरून गोणी तिरपी दिसते का बघतो, मूठभर मीठ इकडचं तिकडे करतो. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा. बाकीचे तिच्या आवाजामागे चालतात, वाट दिसो न दिसो.

वर काय जातं? मीठ सगळ्यात जास्त. सुकी मासळी, खोबरं, सुपारी, आणि बंदरात उतरलेला परदेशी माल. खाली येतं धान्य आणि रायबाग-हुबळीकडचं कापड. यंदा कापड कमी, कारण हिवाळ्यात महाराजांच्या स्वाऱ्या रायबागेपर्यंत गेल्या आणि तिथल्या पेठेची घडी विस्कटली. उलट मिठाला आणि सुक्या मासळीला मागणी आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याशी हजारोंची छावणी चार महिने बसणार असेल तर ती जेवणार. वेढा म्हणजे तोफा नि मोर्चे असं आपण शिकतो. तांड्याच्या नाईकासाठी ती एक नवी पेठ होती, उधारी बुडण्याची शक्यता थोडी जास्त असलेली.

वाट अशी: राजापूर, अनुस्कुरा घाट, मलकापूर, पन्हाळा, कोल्हापूर. ह्या वाटेकडे आणि शेजारच्या आंबा घाटाकडे डोळा ठेवून उभा आहे तो विशाळगड, म्हणजे जुना खेळणा. तो महाराजांकडे, आणि त्यालाही आदिलशाही सरदारांचा वेढा. नकाशा समोर ठेवला की कळतं, पन्हाळा आणि विशाळगड ही दोन नावं लढाईत जोडीने का येतात: राजापूर बंदराचं घाटावरचं दार ह्या दोघांच्या मधोमध आहे. १२ जुलैच्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निसटले ते विशाळगडाकडेच, म्हणजे काही अंतर ह्याच मुलखातून, पावसात, बाजीप्रभूंना घोडखिंडीत ठेवून. महाराजांचं सोंग घेतलेला शिवा काशीद त्याच रात्री मारला गेला.

तांडा दिवस कलता झाल्यावर निघतो. बैलाला ऊन सोसत नाही, आणि घाट चढायला पहाटेचा गारवा हवा. घाटाच्या पायथ्याशी गोण्या उतरवायच्या, बैल सोडायचे, तिथेच झोप.

रात्री साडेनऊ

दुसरी भरती. द्वादशीचा चंद्र चांगला वर आलेला, धक्क्यावर मशाली लागत नाहीत. रात्रीच्या पाण्याने मिरी आणि कापड भरलेल्या होड्या जैतापूरकडे सुटतील, पाणी फिरलं की. वखारीचा दरवाजा बंद झालेला. आतला लेखनिक दिवसाची वही पुरी करत असेल. पत्रं नेणारा कासीद सकाळी सुरतेला निघायचा आहे.

त्या वखारीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. मार्च १६६१. उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाला अडवून महाराज कोकणात उतरले, दाभोळ, संगमेश्वर करत राजापुरावर आले. वखार लुटली, पुरलेल्या द्रव्यासाठी जमीन खणली, आणि रेव्हिंग्टन, गिफर्ड, रँडॉल्फ टेलर, रिचर्ड टेलर या इंग्रजांना धरून नेलं. रेव्हिंग्टन आजारी पडल्यावर सुटून सुरतेला गेला आणि तिथेच वारला. बाकीच्यांना १६६३ च्या सुरुवातीपर्यंत कैद. त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना, आम्हाला सोडवायला काही करत का नाही, म्हणून तिखट पत्रं लिहिली. सुरतेचं उत्तर त्याहून तिखट होतं: कंपनीचा माल राखताना तुम्ही कैदेत पडलेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजांच्या निशाणाखाली गोळे फेकलेत म्हणून पडलात. वखारीच्या मालकानेच नोकराचा दावा खारीज केला.

पैशाचा दावा मात्र कंपनीने सोडला नाही. तेरा वर्षं घासाघीस चालली. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हा तहात राजापूरच्या नुकसानीचे दहा हजार होन ठरले, आणि ते रोख देण्याऐवजी मालात आणि जकातीच्या माफीत वळते करण्याची सोय झाली. हा सौदा रुमालाखाली झाला असता तरी शोभला असता. महाराजांना बंदर बंद पाडायचं नव्हतंच. पुढच्या काळात ते स्वतःची गलबतं मोखा, बसऱ्याकडे पाठवत. डिसेंबर १६७१ च्या कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रात त्यांनी बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, नाहीतर आपल्या मुलखातलं मीठ कुणी घेणार नाही म्हणून. तांड्याच्या गोणीत काय आहे याची खबर राखणारा राजा तो.

आणि मग पन्हाळा. १७१० मध्ये ताराबाईंनी पन्हाळ्याला गादी बसवली, १७१४ मध्ये तिथेच सत्तापालट होऊन राजसबाईंचा संभाजी गादीवर आला. ह्या दरबारात रामचंद्रपंत अमात्य होते, ज्यांच्या नावावर १७१५ च्या सुमाराचं आज्ञापत्र आहे. गड, आरमार, वतनं, सगळ्याबद्दल त्यात सांगितलं आहे, आणि सावकारांबद्दल एक प्रकरण आहे. सावकार बोलावून आणावेत, त्यांना जपावं. पण फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे, त्याच्या हुकमाने ते व्यापाराला येतात, आणि हातात आलेली जागा मेले तरी सोडत नाहीत. त्यांना येऊ-जाऊ द्यावं, वखारीला जागा देणं भाग पडलंच तर ती खाडीच्या मुखाशी, समुद्रकाठी देऊ नये. चार-आठ कोस आत, मोठ्या शहराच्या दाबात, सखल जागी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.

हे वाचताना राजापूर डोळ्यांपुढे न येणं अशक्य आहे. चार-आठ कोस आत ते होतंच. पण वखार दगडी होती, आणि तिचं आवार थेट पाण्याला लागलेलं होतं.